माझ्या भासऱ्यांचा खोकला

माझ्या थुंकीत क्षयाचे जंतू निघाले हे सांगायला तपासणीचे साहेब आमच्या अंगणात उभे होते, तेव्हा सासूबाई आत माझं गाठोडं बांधत होत्या आणि माझे भासरे बैलांशी बोलत होते. गाडी जुंपून तयार होती. मला माहेरी सोडून यायचं ठरलं होतं. माझं माहेर सालेकशाकडे, कचारगडच्या बाजूला, जंगलाला लागून. तिथं दवाखाना नव्हता, सुई देणारा माणूस नव्हता. मला तिकडे पाठवणं म्हणजे काय, हे सासूबाईंना कळत होतं, मला कळत होतं, आणि माझ्या मांडीवरची पोरगी सोडली तर घरातल्या सगळ्यांना कळत होतं. भासरे बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणत होते, “ढवळ्या, तू जरासा थांब गा. मले विचार करू दे.” बैल थांबलेलाच होता.

हे वाचून कोणाला वाटेल, माणूस वेडा असावा. वेडे नव्हते, रीतीचे होते. रीत पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण माझ्या भासऱ्यांइतका रीतीचा माणूस साऱ्या झाडीपट्टीत दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर त्याच्या घरच्यांनी तो लपवून ठेवला असेल. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. तेव्हा आमचा गोंदियाचा भाग भंडारा जिल्ह्यात होता आणि आमचं गाव बिरसीच्या विमानांच्या मैदानापासून लांब नव्हतं. त्या बाजूला धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याला तोंड दाखवायचं नाही, त्याच्या खाटेवर बसायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. त्यानंही तिच्याकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. सगळे हे पाळत, पण छत्री वापरावी तसं, पाऊस असेल तेवढ्यापुरतं. आमचे भासरे छत्री घरातही उघडी ठेवत. त्यांचं नाव मी इथंही लिहीत नाही. आता रागवायला कोणी उरलेलं नाही, पण हात वळत नाही.

त्यांची पहिली ओळख म्हणजे त्यांचा खोकला. मोठ्या माणसानं घरात शिरण्याआधी खाकरायचं, म्हणजे सुना पदर ओढून आत जातात, हे सगळीकडेच होतं. बाकीचे फाटकाशी एकदा खाकरत आणि येत. आमचे भासरे गल्लीच्या तोंडापासून सुरुवात करत. गल्लीच्या तोंडाशी एक मोठा खोकला, कडुनिंबाखाली दुसरा, फाटकाशी तिसरा, आणि ओसरीची पायरी चढताना चौथा, जरा लांबवलेला, शेवटी सूर वर गेलेला, म्हणजे कोणी मागं राहिलं असेल तर त्याला शेवटची संधी. विहिरीवर बायका असतील म्हणून विहिरीच्या वाटेवर वेगळा खोकला होता. मातामायच्या ठाण्यावर जाताना ते बाहेर उभे राहून खाकरत आणि थोडा वेळ थांबून मग आत जात, कारण देवी झाली तरी बाईमाणूस. गोंदियाच्या बाजारात एका हॉटेलच्या दाराशी ते असेच खाकरत उभे राहिले, तेव्हा मालकानं घाबरून पाण्याचा गिलास आणून दिला आणि म्हणाला, “भैया, बैठ जाओ, आराम से.” एकदा ते आपल्याच रिकाम्या खळ्यात खाकरत शिरले. जाऊबाई म्हणजे त्यांची बायको मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, “अठी कोन हाय? चिमन्या हायेत.” त्यावर हे म्हणाले, “चिमन्यायमंदी काय सगळे नरच असतेत?”

दुसरी गोष्ट त्यांच्या बोलण्याची. माझ्याशी बोलायचं नाही, पण सांगायचं तर पुष्कळ असे, कारण ते घराचे कर्ते होते. म्हणून ते वस्तूंशी बोलत. जेवायला बसले की ताटाकडे बघून म्हणत, “वरना, तुले आज मीठ भेटलं नाही वाटते.” मी आत चुलीपाशी ऐके आणि जाऊबाईंच्या हातून मीठ पाठवी. दाराला सांगत, “दारा, पानी येऊन राहिलं, वाळवन भिजन.” बैलांना तर ते घरातलं सगळं सांगत. माझी पोरगी झाली तेव्हा त्यांना सगळ्यांत जास्त आनंद झाला तो यासाठी की आता मधे एक माणूस मिळालं. पोरगी दोन महिन्यांचीही नव्हती, पाळण्यात झोपलेली असे, आणि हे ओसरीवरून तिला म्हणत, “बाई, तुह्या मायले सांग, उद्या रोवन्याले बाया येनार हायेत, भात जास्त टाक.” सांगून झाल्यावर ते थोडं थांबत, उत्तराला वेळ द्यावा म्हणून. एकदा नेमकी ती तेव्हाच रडली, तर त्यांनी रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, दोन बायका कमी सांगितल्या.

तिसरी गोष्ट सावलीची. आपली सावली धाकट्या सुनेवर पडू नये, असं कोणीतरी त्यांच्या लहानपणी त्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाला हे ठाऊकही नव्हतं. त्यामुळे ते अंगणातून चालायचे ते सूर्य बघून. सकाळी पश्चिमेच्या भिंतीला चिकटून, दुपार कलली की पूर्वेच्या. भर दुपारी सावली पायाखाली आली की त्यांना मोकळं वाटे, तेव्हा ते अंगणाच्या मधोमध उभे राहून अंग ताणत. उन्हाळ्यात त्यांची सगळी कामं दुपारची असत ती याच कारणानं, आणि लोकांना वाटे माणूस फार कष्टाळू.

अशा घरात मला खोकला लागला. पोरगी पोटात होती तेव्हा सुरू झाला, ती झाल्यावर वाढला. संध्याकाळी अंग गरम होई, भात नको वाटे. पण सुनेनं मोठ्यांच्या देखत मोठ्यानं खोकायचं नाही, हीदेखील रीतच होती. मोठ्यानं खाकरणं हा पुरुषांचा मान. मी पदर तोंडात धरून खोकला गिळत असे. गिळला तरी तो कुठं जातो, छातीतच साचतो. मग मी एक युक्ती काढली. भासरे घरी येताना त्यांचा खोकला सुरू झाला की त्याच्या आडोशाला मी माझा उरकून घेई. त्यांचा आवाज एवढा मोठा, की त्याखाली माझा कोणाला ऐकू येत नाही असं मला वाटे. ते दिवसातून पाच-सहा वेळा ये-जा करत, तेवढ्यात माझं काम भागत असे. ज्या दिवशी ते बाहेरगावी जात त्या दिवशी मात्र फार हाल होत.

त्याच सुमारास सरकारची क्षयाची तपासणी आमच्या भागात आली. गावागावांतून न सापडलेले रोगी शोधून काढायचे, असं ते काम होतं. आधी एक साहेब सायकलवर आले. तरुण होते, नागपूरकडचे, चष्मा लावलेले, आणि सगळ्यांना ‘काका’, ‘मावशी’ म्हणणारे. घरोघरी जाऊन ते एकच प्रश्न विचारत, “घरात खोकला कोणाला आहे?” आता हा प्रश्न आमच्या गावात विचारला तर उत्तर काय येणार. प्रत्येक घरानं घरच्या मोठ्या मुलाचं नाव सांगितलं. आमच्या घरी तर सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, “माह्या मोठ्याच्यावानी खोकलनारा पंचक्रोशीत नाही.” साहेबांनी तोंड गंभीर केलं आणि उद्या मोटार येईल, त्यांना नक्की पाठवा, म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात छातीचा फोटो काढायची मोटार येऊन उभी राहिली. तिच्यात एक यंत्र फडफडत होतं. सगळ्या गावानं यायचं होतं, पण रांगेत पुढं उभे होते ते सगळे भासरे, कारण खोकल्यात नाव त्यांचं लागलेलं. जिथं भासरे रांगेत, तिथं सुना कशा जातील? त्यामुळे पुरुष गेले, म्हाताऱ्या गेल्या, पोरंटोरं गेली, आणि आम्ही सुना घरात राहिलो. आमच्या जाऊबाई गेल्या. त्यांना भासरा नव्हता, त्यांचा नवराच सगळ्यांचा भासरा. पुढं काय झालं ते त्यांनीच येऊन मला सांगितलं, आणि मरेपर्यंत ज्याला त्याला सांगत राहिल्या.

फोटोआधी साहेबांनी खोकणाऱ्यांच्या हातात एकेक झाकणाची डबी दिली आणि म्हणाले, छातीतून खाकरून यात थुंका. गावचे सगळे थोरले भाऊ रांगेनं उभे राहून खाकरू लागले. जाऊबाई म्हणाल्या की, एवढा आवाज गावात कधी झाला नव्हता, शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. पण डब्यांत काही पडेना. पडणार कुठून? तो खोकला गळ्याचा, छातीत काही नव्हतंच. साहेब एकेकाची डबी बघत आणि गोंधळत. आमच्या भासऱ्यांपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, “काका, खोकला कधीपासून आहे?”

“लहान्या भावाचं लगन झालं तवापासून.”

साहेबांनी पुढच्याला विचारलं. तोही म्हणाला, लहान्या भावाचं लग्न झालं तेव्हापासून. तिसऱ्याला दोन धाकटे भाऊ होते. तो म्हणाला, “पैल्याच्या लगनापासून थोडा होता, दुसऱ्याच्या लगनापासून वाढला.” साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाटलं असेल, लग्नाच्या पंगतीतून पसरणारा हा कुठला नवाच रोग. मग शेवटी गावच्या गुरुजींनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, तेव्हा साहेब इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं.

आपल्या खोकल्याला कोणी हसलेलं भासऱ्यांना आवडलं नाही. ते म्हणाले, “हसाचं काय त्यात? रीत हाय. आमच्या घरची लहानी तर इतकी रीतीची हाय का मी खोकललो का ते आतून उत्तर देते.”

“उत्तर देते म्हणजे?”

“मी असा खोकलतो,” म्हणून त्यांनी आपला ओसरीच्या पायरीचा खोकला करून दाखवला. “मंग ते आतून असं करते.” आणि त्यांनी माझा खोकला करून दाखवला. पदरात दाबलेला, ओला, शेवटी अडकणारा. इतक्या वर्षांत त्यांनी माझं तोंड बघितलं नव्हतं, पण माझा खोकला त्यांना पाठ होता. त्यांना वाटत होतं मी रीतीनं सांगते आहे की, ऐकलं, मी आत गेले, तुम्ही या. पोरीच्या घरचं वळण चांगलं, असं ते चार लोकांत सांगतही असत.

साहेबांचं हसू गेलं. ते म्हणाले, “काका, पुन्हा एकदा करा.” भासऱ्यांनी पुन्हा केलं. “हे उत्तर कधीपासून देते?” भासरे आठवू लागले. म्हणाले, मागच्या दिवाळीपासून. आधी लहान उत्तर देई, आता लांब देते. आता तर कधी कधी मी खोकललो नाही तरी देते. एवढं बोलून ते मधेच थांबले. जाऊबाई सांगत, त्यांचं तोंड मडकं फुटावं तसं झालं. साहेबांनी फक्त एवढंच म्हटलं, “तिला इथं आणा. आणि अशा अजून जेवढ्या उत्तर देणाऱ्या गावात असतील, त्या सगळ्यांना आणा.”

आणायचं कसं? पटांगण भासऱ्यांनी भरलेलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आजच्या दिवस रीत बाजूला ठेवा. आमच्या भासऱ्यांच्या डोक्यात असलं काही येणं शक्यच नव्हतं. त्यांनी रीत बाजूला ठेवली नाही, भासरे बाजूला ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते साऱ्या गावातून फिरले आणि ज्याला ज्याला धाकटी भावजय आहे त्यानं गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे तळ्यावर, जाऊन बसावं असं सांगत सुटले. कोणी म्हणे, “काऊन गा? म्या काय केलं?” कोणी म्हणे, “माह्या बांधीत पानी सोडाचं हाय, बसाले येळ कोठं हाय?” हे सगळ्यांना एकच सांगत, “तुह्या घरची सून खोकला गिळून राहिली असन. तू हटला तरच ते खोकलन.” शेवटी गावातले सगळे थोरले भाऊ बोडीच्या पाळीवर ओळीनं बसले, गावाकडे पाठ करून, बिड्या ओढत. आमचे भासरे सगळ्यांत टोकाला. सवयीनं ते मधून मधून खाकरत, तेव्हा शेजारचा म्हणाला, “आता कोनाले सांगून राहिला? बेडकायले?”

आणि आम्ही सुना पदर ओढून शाळेत गेलो. कित्येकींनी लग्न होऊन आल्यावर गावचं पटांगण पहिल्यांदाच बघितलं. माझ्यापुढं वरच्या आळीची कौशी उभी होती. माझ्याच वयाची, माझ्याहून बारीक, बोलायला फटकळ. एक नर्सबाई एकेकीला मोटारीत चढवून पाटीला छाती लावून उभं करत आणि आतला यंत्रावरचा माणूस हिंदीत ओरडे, “साँस रोको.” कौशी बाहेर ऐकत होती. ती मला म्हणाली, “माही सास रोकाले ह्याची मोटार पुरन का वो?” आम्ही इतक्या हसलो की दोघींनाही खोकला लागला, आणि तो आम्ही गिळला नाही. नर्सबाई म्हणाल्या, “असंच. या डबीत थुंका.” त्या दिवशी आम्ही बायका मनसोक्त खोकलो. बोडीवर ऐकू गेलं म्हणतात. आमच्या भासऱ्यांनी ते ऐकून मान खाली घातली, असं शेजारच्यानं सांगितलं. एवढ्या बायका, आणि एवढा खोकला.

काही दिवसांनी साहेब निकाल घेऊन आले. गावात आम्ही दोघी निघालो, कौशी आणि मी. साहेबांनी दोन्ही घरी जाऊन सांगितलं की आता यावर औषध आहे. सुया आहेत, गोळ्या आहेत, पुष्कळ महिने घ्याव्या लागतील, पण माणूस बरं होतं. कौशीच्या घरच्यांनी ऐकून घेतलं, साहेबांना चहा दिला, आणि ते अंगणातून बाहेर पडल्यावर तिला गाडीत घालून माहेरी पाठवलं. तिची गाडी आमच्या दारावरून गेली. ती मागं बसली होती, तिनं माझ्याकडे बघून हात केला. मग साहेब आमच्या अंगणात आले, पण वरच्या आळीतून बातमी त्यांच्या आधीच पोचली होती, आणि मी सुरुवातीला सांगितलं ते चाललं होतं.

सासूबाई गाठोडं घेऊन ओसरीवर आल्या. भासरे बैलाला म्हणाले, “ढवळ्या, माय म्हनते सालेकश्याकडं जाचं. तिकडं सुई नाही. सुई गोंदियाले भेटते.”

“म्या तुही माय हाव,” सासूबाई म्हणाल्या. “माह्याशी बोल. बैलाशी काऊन बोलून राहिला?”

“मी बैलालेच सांगून राहिलो.”

“घरात लेकरं हायेत. त्यायले खय लागला तर?”

“ढवळ्या, साहेब सांगून राहिले ते आयकलं ना तू? येगळं निजवाचं, थुंकी डबीत टाकून जाळाची, आन् दवा सुरू झाली का मंग लागाचा भेव कमी होते.”

जाऊबाई दारातून म्हणाल्या, “बैलाले डाक्टर करा आता.” पण बोलता बोलता त्यांनी माझ्या मांडीवरची पोरगी उचलून आपल्या कडेवर घेतली, आणि तेव्हापासून ती त्यांच्यापाशीच निजू लागली.

सासूबाई म्हणाल्या, “लोकं काय म्हनतीन? वरच्या आळीची सून गेली माहेरी. आमचीच काऊन राहीन?” त्या दुष्ट नव्हत्या. त्यांची एक लेक याच रोगानं गेली होती, आणि तिच्या मागून तिचं पोर. त्यांना भीती होती. माझे मालक गोंदियाला भाताच्या गिरणीत कामाला होते, ते घरी नव्हते, आणि असते तरी मोठ्या भावापुढं बोलले नसते. साहेब अजून अंगणातच होते. त्यांना बोलायचं ते बोलून झालं होतं.

मग भासऱ्यांनी कासरा धरला आणि जुंपलेली गाडी अंगणातल्या अंगणात फिरवली. सालेकशाच्या वाटेकडे तोंड होतं, ते गोंदियाच्या वाटेकडे केलं. फिरवताना चाकानं तुळशीचा ओटा खरवडला. सासूबाईंनी गाठोडं खाली ठेवलं. भासरे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि खाकरले. त्या खोकल्याचा अर्थ लग्न झाल्यापासून मला एकच ठाऊक होता, आत जा. मी आत जायला उठलेही. तेव्हा ते म्हणाले, “ढवळ्या, गाडीत मानूस बसल्याबिगर आपुन निघत नाही.” मी बाहेर आले आणि गाडीत बसले.

त्यानंतर किती महिने आम्ही त्या वाटेनं गेलो. आठवड्यातून दोनदा गोंदियाला सुई घ्यायची, रोज गोळ्या. गाडीत मधे एक जुनं लुगडं बांधलेलं असे. पलीकडे ते, अलीकडे मी. ते बैलांना क्षयाबद्दल साहेबांनी सांगितलेलं सगळं सांगत. गोळ्या मधे सोडायच्या नाहीत, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, अंडी खायची, दूध प्यायचं, दार उघडं ठेवून निजायचं. क्षयावर त्या दोन बैलांइतकं शिकलेलं जनावर जिल्ह्यात नव्हतं. सुईनं माझे कान वाजू लागले, मळमळू लागलं, आणि एकदा वैतागून मी पडद्याआडून पोरीला बोलावं तसं गाडीच्या दांडीला म्हणाले, “दांडे, मले आता सुई नोको.” मग ते बैलांना म्हणाले, “बाप्पा, दांडी बोलून राहिली. पन दांडीचं आयकाचं नसते.” आणि गाडी थांबली नाही.

साहेबांनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती. घरात खरा खोकला कमी होतो का, हे ऐकत जा. त्यांनी ते मनावर घेतलं. आपल्या खोकल्यात माझा ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी स्वतःचा खोकला बंद केला. एवढ्या वर्षांचा खोकला, एका दिवसात. पण मग सुनांना कळणार कसं की भासरा येतो आहे? त्यांनी गाईच्या गळ्यातली लाकडी घंटी काढून आपल्या कमरेला बांधली. गल्लीच्या तोंडापासून ते ठकठक करत येत. वासरं त्यांच्या मागं घरी येऊ लागली. गुराखी दोनदा त्यांना गाय समजून झुडपात शोधायला गेला. जाऊबाई म्हणत, “नवरा आला का गाय आली, काही समजत नाही बाई. चारा टाकाचा का भात वाढाचा?” हे शांतपणे ओसरीवर बसत आणि आत कान देत. कोणी खोकलं की पाळण्याला म्हणत, “हे बरं झालं, मोकळं खोकललं.” दुसऱ्या घरच्या भासऱ्यांनाही ते घंटी बांधा म्हणून सांगत. कोणी बांधली नाही. पण गावातल्या सुना मोठ्यांच्या देखत खोकू लागल्या त्या मात्र तेव्हापासून. काही म्हाताऱ्यांना ते शेवटपर्यंत आवडलं नाही.

माझं अंग हळूहळू भरलं. ताप गेला. मग एका संध्याकाळी साहेब येऊन सांगून गेले की डबीत आता काही निघत नाही. भासरे तेव्हा गोठ्यात होते. त्यांनी बैलांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ सांगत होते, एवढं खरं. पोरगी त्या दिवशी माझ्यापाशी निजली. तिला जाऊबाईंची सवय झालेली, ती रडली आणि उठून तिकडे गेली.

भासरे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मी पोरांची आई झाले, सासू झाले, रीती सैल झाल्या, माझ्या सुना आपल्या भासऱ्याला हाक मारून चहा विचारू लागल्या. माझे भासरे मात्र माझ्याशी कधी बोलले नाहीत आणि मीही त्यांच्याशी बोलले नाही. लोक विचारतात, आभार तरी मानायचे. आमच्यात ते शब्दांनी होत नव्हतं. मी त्यांना भात गरम पाठवत असे आणि ते बैलाला सांगत की आज भात गरम आहे. ते गेले तेव्हा बायका भोवती बसल्या होत्या, तिथं मीही बसले, आणि पदर मागं सारून त्यांचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं. नाक माझ्या मालकांसारखंच होतं. भुवई मधे तुटलेली होती, ते मला ठाऊकच नव्हतं. एवढ्या जवळून एवढा चांगला माणूस मी कधी बघितला नव्हता, आणि तो बघितला तेव्हा उशीर झाला होता.

कौशी माहेरी गेली ती पुढच्या रोवण्यांपर्यंत राहिली नाही. तिला सुई मिळाली नाही. त्या तपासणीत आमच्या गावात आम्ही दोघी सापडलो होतो. त्यातली मी जगले.